सी प्रोग्राममध्ये आत्ताची वेळ: आधी मोजणी घ्या, घड्याळ नंतर वाचा

सी प्रोग्राममध्ये वेळेच्या ज्या चुका होतात, त्यातल्या बहुतेक कंपायलरला दिसत नाहीत. प्रोग्राम बिनतक्रार चालतो, पडद्यावर तारीखही येते. फक्त महिना एकाने मागे असतो, किंवा २०२५ च्या जागी १२५ छापलं जातं, किंवा वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते. ही तिसरी चूक सगळ्यांत लबाड. दिवसा चाचणी केली तर तारीख बरोबरच दिसते. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात प्रोग्राम चालला की मात्र तारीख कालची येते, आणि त्या वेळात चाचणी घ्यायला सहसा कुणी जागं नसतं.

या सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे. वेळ मिळवणं, तिचे तुकडे करणं आणि ती मजकुरात लिहिणं ही तीन वेगळी कामं आहेत, आणि ती ठरलेल्या क्रमानेच करावी लागतात. कुठून तरी चार ओळी उचलून चिकटवल्या की हा क्रम कळत नाही. म्हणून खाली एकेक पायरी सुटी करून सांगतो. उदाहरणं लिनक्स आणि जीसीसी (तिथला नेहमीचा सी कंपायलर) धरून आहेत. विंडोजवर जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत, लहान अक्षरांत आणि जागा न सोडता लिहायची. नावात जिथे खालची रेघ दिसेल तिथे अंडरस्कोर द्यायचा. नल, मॅक्रो, क्लॉक_मोनोटॉनिक किंवा एलसी_टाइम सारखे स्थिरांक आणि टीझेड ही नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत लिहायची. इतर कुठे मोठं अक्षर लागलं तर तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारी: कोणती वेळ हवी आहे?

एडिटर उघडण्याआधी हे ठरवा, कारण इथे चुकलं की पुढची प्रत्येक ओळ बरोबर असूनही उत्तर चुकतं.

माणसाला दाखवायची वेळ हवी असेल, म्हणजे पावतीवर, पडद्यावर, हजेरीच्या नोंदीत, तर स्थानिक वेळ लागते. फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये साठवायची किंवा दुसऱ्या यंत्राला पाठवायची असेल, तर सेकंदांची मोजणीच ठेवा (ती काय ते पायरी २ मध्ये), नाहीतर यूटीसी, म्हणजे जगभर एकच असणारी प्रमाण वेळ. लॉगमध्ये मिलिसेकंद हवे असतील तर फंक्शनच वेगळं आहे. आणि एखादं काम करायला किती वेळ लागला हे मोजायचं असेल, तर तुम्हाला आत्ताची वेळ नकोच आहे. त्यासाठी थेट पायरी ७ वर जा.

दुसरी तयारी यंत्राची. टर्मिनलवर डेट ही कमांड चालवा आणि समोरच्या मोबाइलशी वेळ जुळवून पाहा. बहुतेक लिनक्सवर टाइमडेटसीटीएल ही कमांड टाइमझोनही दाखवते. यंत्राचं घड्याळच चुकीचं असेल तर प्रोग्राम ती चूक इमानाने छापेल, आणि तुम्ही दोन तास कोडमध्ये शोधत बसाल.

सावधान: कॉलेजच्या जुन्या नोट्समध्ये डॉस डॉट एच हे हेडर आणि त्यातली गेटडेट, गेटटाइम ही फंक्शनं असतील तर ती बाजूला ठेवा. ती टर्बो सीची आहेत, सी भाषेची नाहीत. जीसीसीमध्ये ते हेडर सापडणारच नाही.

## १. हेडर आणि पहिली ओळ

लागणारं हेडर एकच: टाइम डॉट एच. छापण्यासाठी नेहमीचं एसटीडीआयओ डॉट एच.

पण इथेच एक खड्डा आहे. कंपाइल करताना सी९९ किंवा सी११ असं काटेकोर प्रमाण मागितलं, तर जीसीसी लोकलटाइम_आर आणि क्लॉक_गेटटाइम ही दोन्ही पॉझिक्सची (युनिक्स-लिनक्ससारख्या प्रणालींच्या सामायिक प्रमाणाची) फंक्शनं लपवून ठेवतो. ती वापरली की 'इम्प्लिसिट डिक्लरेशन' अशी वॉर्निंग येते. अनेक जण ती बघून पुढे जातात. असं करू नका. डिक्लरेशन दिसलं नाही की जुना कंपायलर फंक्शन इंट परत देतं असं गृहीत धरतो, आणि लोकलटाइम_आर तर पॉइंटर परत देतं. ६४ बिटांच्या यंत्रावर त्या पॉइंटरचा अर्धा भाग कापला जातो आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. जीसीसी १४ पासून ही वॉर्निंग न राहता थेट एरर झाली, ते बरंच झालं.

उपाय सोपा आहे. फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत, पहिल्या इन्क्लूडच्याही आधी, _पॉझिक्स_सी_सोर्स हा मॅक्रो २००८०९ एल या किमतीने डिफाइन करा. सगळी अक्षरं मोठी, सुरुवातीला अंडरस्कोर. हीच ओळ इन्क्लूडच्या खाली लिहिली तर तिचा काही उपयोग होत नाही.

तपासा: डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा हे दोन्ही पर्याय (सुरुवातीला वजा चिन्ह, डब्ल्यू मोठा, मधे रेघ नाही) लावून कंपाइल करा. एकही वॉर्निंग उरली असेल तर पुढे जाऊ नका.

## २. मोजणी घ्या

टाइम_टी प्रकाराचं एक साधं व्हेरिएबल घ्या आणि टाइम या फंक्शनला नल देऊन त्याचं उत्तर त्यात ठेवा. एवढंच. लिनक्सवर आणि विंडोजवरही हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे सेकंद. त्या क्षणी भारतात पहाटेचे साडेपाच वाजले होते. हे लक्षात ठेवा, शेवटी चाचणीला उपयोगी पडेल.

इथे होणाऱ्या चुका:

टाइम_टी चा नुसता पॉइंटर जाहीर करून तोच फंक्शनला देणं. त्या पॉइंटरच्या मागे जागाच नसते, त्यामुळे फंक्शन कुठल्या तरी परक्या मेमरीत लिहितं. कधी चालतं, कधी कोसळतं. पॉइंटर नको, साधं व्हेरिएबल घ्या.

उत्तर न तपासणं. वेळ मिळाली नाही तर फंक्शन उणे एक देतं. तुलना करताना उणे एकला टाइम_टी मध्ये कास्ट करा.

छापताना टक्का-डी वापरणं. टाइम_टी किती बिटांचा असेल हे भाषा ठरवून देत नाही. लाँग लाँगमध्ये कास्ट करा आणि टक्का-एल-एल-डी ने छापा.

आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे मोजणी इंटमध्ये साठवणं. ३२ बिटांच्या इंटमध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात. तो आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसीप्रमाणे ०३:१४:०७ ला, म्हणजे आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. त्यापुढे वेळ उलटून १९०१ सालात जाते. २०३८ लांब वाटेल, पण वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता काढणारा प्रोग्राम आजच त्या तारखेपलीकडे बोट ठेवतो. ३२ बिटांच्या लिनक्ससाठी कंपाइल करत असाल तर खुद्द टाइम_टी सुद्धा ३२ बिटांचा असू शकतो. जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.३४ पासून _टाइम_बिट्स आणि _फाइल_ऑफसेट_बिट्स हे दोन्ही मॅक्रो ६४ वर ठेवले की तो ६४ बिटांचा होतो.

तपासा: प्रोग्रामने छापलेला आकडा आणि डेट कमांडला अधिक-टक्का-लहान एस देऊन आलेला आकडा शेजारी ठेवा. फरक तुम्ही दुसरी कमांड टाइप करायला घेतलेल्या सेकंदांइतकाच असला पाहिजे. टाइमझोनचा इथे काहीही संबंध नाही. पुण्यातलं यंत्र असो की लंडनमधलं, त्या क्षणी आकडा एकच.

## ३. मोजणीचे तुकडे करा

आता हवी ती दिशा निवडा. स्थानिक वेळेसाठी लोकलटाइम, यूटीसीसाठी जीएमटाइम. दोघांनाही टाइम_टी चा पत्ता लागतो, किंमत नाही. अँपरसँड विसरू नका.

दोन्ही फंक्शनं स्ट्रक्ट टीएम चा पॉइंटर परत देतात, आणि नव्याने शिकणारे सगळ्यांत जास्त इथे फसतात. तो स्ट्रक्ट तुमचा नसतो. लायब्ररीने आत एकच जागा राखून ठेवलेली असते आणि पुढच्या हाकेला तीच पुसून पुन्हा लिहिली जाते. समजा, कामाची सुरुवात आणि शेवट अशा दोन मोजण्या घेतल्या, दोन्ही लोकलटाइममधून काढून दोन पॉइंटरमध्ये ठेवल्या आणि मग छापल्या. दोन्हीकडे शेवटचीच वेळ दिसेल. जीएमटाइमही बहुधा तीच जागा वापरतं, त्यामुळे एकाच प्रिंटएफमध्ये भारतीय वेळ आणि यूटीसी छापायला गेलात तर दोन्ही सारख्याच येतात आणि माणूस टाइमझोनला दोष देत बसतो.

म्हणून सवयच लावून घ्या: लोकलटाइम_आर वापरा. स्ट्रक्ट टीएम चं व्हेरिएबल स्वतः जाहीर करा, मोजणीचा पत्ता पहिला, तुमच्या स्ट्रक्टचा पत्ता दुसरा. थ्रेड असतील तर याला पर्यायच नाही. परत आलेलं उत्तर नल आहे का ते पाहा. लोकलटाइम स्वतःहून टाइमझोन वाचून घेतं, पण लोकलटाइम_आर ने तसं करावं अशी पॉझिक्सची सक्ती नाही; म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीला टीझेडसेट एकदा बोलवा.

विंडोजवर सावधान: मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत लोकलटाइम_एस आहे आणि त्यात क्रम उलटा आहे: आधी तुमचा स्ट्रक्ट, मग मोजणी. यश आलं की ते शून्य देतं. लिनक्सचं कोड तिकडे नेताना नुसतं नाव बदलून भागत नाही.

आता स्ट्रक्टच्या आतले आकडे. टीएम_इयर मध्ये १९०० वजा करून उरलेलं साल असतं. टीएम_मॉन शून्यापासून सुरू होतो, जानेवारी ०, डिसेंबर ११. टीएम_एमडे मात्र १ पासूनच, त्यात काही मिळवायचं नाही. टीएम_डब्ल्यूडे मध्ये रविवार ० आहे, त्यामुळे वारांची तुमची यादी सोमवारपासून सुरू केली असेल तर रोज एक वार चुकेल. टीएम_वायडे सुद्धा शून्यापासून. टीएम_सेक ६० पर्यंत जाऊ शकतो, लीप सेकंदासाठी. ५९ ला ॲरे संपवू नका.

सालाच्या डाव्या बाजूला हाताने १९ चिकटवण्याची खोड जुनी आहे. १ जानेवारी २००० ला कित्येक वेबसाइटांवर साल १९१०० दिसलं ते याच कारणाने. नेहमी बेरीज करा.

पण ती कुठे करायची तेही महत्त्वाचं. १९०० आणि १ हे आकडे फक्त स्वतः प्रिंटएफने छापतानाच मिळवा. स्ट्रक्टच्या आत बदल करून तोच स्ट्रक्ट पुढच्या पायरीला दिला तर २०२५ च्या जागी ३९२५ येईल, कारण पुढचं फंक्शन ही बेरीज स्वतः करतं.

## ४. मजकूर बनवा

हातात प्रिंटएफ असला तरी तारखेसाठी एसटीआरएफटाइम वापरा. चार गोष्टी द्यायच्या: बफर, त्याचा आकार, साचा आणि स्ट्रक्टचा पत्ता.

साच्यात प्रत्येक अक्षराआधी टक्क्याचं चिन्ह द्यायचं, आणि लहान-मोठ्या अक्षरांनी अर्थ बदलतो. मोठा वाय म्हणजे चार अंकी साल, लहान वाय म्हणजे दोन अंकी. लहान एम महिना, मोठा एम मिनिटं. मोठा एच २४ तासांचं घड्याळ, मोठा आय १२ तासांचं. साच्यात आय असेल तर सोबत लहान पी हवाच, नाहीतर दुपारचे तीन आणि पहाटेचे तीन सारखेच दिसतील. एम ची अदलाबदल तर इतक्यांदा पाहिली आहे की सांगतो: तारखेतला महिना मधेच ४७ दिसला की समजा, तिथे मिनिटं आली आहेत. मिनिटं बारापेक्षा कमी असताना चाचणी केलीत तर हेही दिसणार नाही.

साल-महिना-दिवस, जागा, तास:मिनिट:सेकंद या मजकुराची लांबी १९ अक्षरं. शेवटचा नल धरून २० बाइट. बफर ६४ चा घ्या, एवढ्या जागेची काटकसर कामाची नाही. मजकूर मावला नाही तर फंक्शन शून्य देतं आणि बफरमधल्या मजकुरावर तेव्हा विसंबता येत नाही. म्हणून शून्य तपासल्याशिवाय छापू नका.

नेहमीची चूक: बफर दुसऱ्या फंक्शनला पाठवला आणि तिथे साइझऑफ लावलं. त्या फंक्शनमध्ये बफर हा नुसता पॉइंटर असतो, त्यामुळे ६४ बिटांच्या यंत्रावर उत्तर ८ येतं, आणि एसटीआरएफटाइम दरवेळी शून्य देतं. आकार वेगळा पाठवा.

सीटाइम आणि एएससीटाइम ही झटपट फंक्शनं टाळा. ती शेवटी स्वतःची नवी ओळ घालतात, त्यामुळे लॉगची ओळ मधेच तुटते. वार आणि महिने कायम इंग्रजीतच येतात. आणि सी२३ मध्ये ती वापरू नयेत असंच म्हटलं आहे.

वार आणि महिना मराठीत हवे असतील तर एसटीआरएफटाइमच्या आधी सेटलोकेल बोलवून एलसी_टाइम साठी मराठी-भारत-यूटीएफ ८ हे लोकेल (भाषा आणि प्रदेशाची मांडणी) मागा. ते यंत्रावर बसवलेलं नसेल तर नल येतं आणि नावं आधीच्याच लोकेलमध्ये, बहुधा इंग्रजीत राहतात. यात एक गोष्ट नजरेतून सुटते: बफरचा आकार बाइटमध्ये मोजतात. मंडे हा शब्द इंग्रजीत ६ बाइटचा; 'सोमवार' यूटीएफ ८ मध्ये १८ बाइटचा, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, ३ बाइट घेतं. इंग्रजीच्या मापाने घेतलेला बफर मराठीत तोकडा पडतो. लॉगमध्ये मात्र नावं नकोतच, आकडेच ठेवा, आणि साल पुढे ठेवा म्हणजे नोंदी आपोआप क्रमाने लागतात. दिवस-महिना-साल हा आपला क्रम माणसाने वाचायच्या पावतीसाठी.

## ५. साडेपाच तासांचा घोळ

घरच्या लॅपटॉपवर सगळं बरोबर असतं आणि सर्व्हरवर टाकलं की वेळ मागे जाते. कारण सर्व्हर आणि विशेषतः कंटेनर बहुधा यूटीसीवर असतात. लोकलटाइमच्या दृष्टीने तिथली स्थानिक वेळ यूटीसीच.

यावर मोजणीत १९८०० सेकंद मिळवून टाकणं हा उपाय मी अनेक प्रोग्राममध्ये पाहिला आहे आणि तो चुकीचाच आहे. मोजणी मग खरी राहत नाही, आणि पुढे कुणी सर्व्हरचा टाइमझोन नीट केला की वेळ साडेपाच तास पुढे पळते.

मी असा एक प्रोग्राम दुरुस्त केला आहे. रात्रभर उघडं असणारं मेडिकल, बिलांचा सर्व्हर यूटीसीवर. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. १ एप्रिलच्या रात्री दीड-दोनच्या सुमाराला झालेल्या विक्रीवर ३१ मार्चची तारीख आणि जुन्या आर्थिक वर्षाचा बिल क्रमांक पडला, तेव्हा हिशेब लिहिणाऱ्या बाईंनी ते पकडलं. तोवर वर्षभरातल्या पहाटेच्या प्रत्येक बिलावर आदल्या दिवसाची तारीख होती.

योग्य मार्ग असा: प्रोग्राम चालवताना टीझेड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एशिया, तिरकी रेघ, कोलकाता असं इंग्रजीत द्या. दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर मोठं. स्पेलिंग चुकलं किंवा कंटेनरमध्ये टीझेडडेटा हे टाइमझोनच्या माहितीचं पॅकेज नसलं, तर कसलीही तक्रार न करता यूटीसी वापरला जातो. म्हणून चाचणीत साच्याला टक्का-लहान झेड जोडा. तिथे अधिक ०५३० दिसलंच पाहिजे. मोठा झेड आयएसटी हे लघुरूप देतो, पण इस्राएल आणि आयर्लंडची वेळही त्याच तीन अक्षरांनी लिहितात, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

टीझेडडेटा बसवणं शक्यच नसेल तर आयएसटी, वजा चिन्ह, ५:३० असं लिहिता येतं. वजा हे बरोबरच आहे: पॉझिक्सच्या या लेखनात ग्रिनिचच्या पूर्वेच्या वेळा वजाने लिहितात. अधिक लिहिलंत तर अकरा तासांची चूक होईल.

भारतात घड्याळ मागे-पुढे होत नाही, म्हणून आपण स्थानिक वेळ साठवली तरी चालून जातं असं वाटतं. पण तोच प्रोग्राम न्यू जर्सीतल्या कुणी वापरला, तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्रीचा दीड दोनदा वाजतो आणि दोन नोंदींपैकी आधीची कोणती हे सांगता येत नाही. साठवायची ती मोजणीच.

## ६. मिलिसेकंद हवे असतील तर

स्ट्रक्ट टाइमस्पेक जाहीर करा आणि क्लॉक_गेटटाइमला क्लॉक_रिअलटाइम हे मोठ्या अक्षरांतलं नाव आणि स्ट्रक्टचा पत्ता द्या. शून्य आलं तर यश. टीव्ही_सेक मध्ये सेकंद, टीव्ही_एनसेक मध्ये नॅनोसेकंद. मिलिसेकंदांसाठी नॅनोसेकंदांना १०,००,००० ने भागा.

छापताना शून्यं भरून तीन अंकी छापा. तसं केलं नाही तर ७ मिलिसेकंद 'पॉइंट ७' असे दिसतात, म्हणजे ७००.

सेकंद आणि मिलिसेकंद एकाच हाकेतले हवेत. सेकंद टाइम फंक्शनमधून आणि मिलिसेकंद इथून असं केलं तर सेकंद बदलण्याच्या क्षणी जोडी बिघडते आणि लॉगमध्ये वेळ मागे गेलेली दिसते. तुकडे करायला टीव्ही_सेक चाच पत्ता द्या; पायरी ३ आणि ४ तशाच.

गेटटाइमऑफडे जुन्या कोडमध्ये दिसेल. २००८ च्या पॉझिक्सनेच त्याला मोडीत काढायच्या यादीत टाकलं होतं. नव्यात वापरू नका. फक्त सी११ च्या आत राहायचं असेल तर टाइमस्पेक_गेट आहे, पण ते यश आलं तर शून्य नव्हे, तुम्ही दिलेला टाइम_यूटीसी हाच आकडा परत देतं.

लिंक करताना क्लॉक_गेटटाइम सापडत नाही असं आलं, तर तुमचं जीलिबसी २.१७ च्या आधीचं आहे. कमांडमध्ये फाइलच्या नावानंतर, शेवटी, वजा चिन्ह लावून एलआरटी जोडा.

विंडोजवर गेटलोकलटाइम (या नावांतल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं) मिलिसेकंदांसह स्थानिक वेळ देतं. गेटसिस्टमटाइम हे नाव ऐकून तेच वापरलं जातं, पण ते यूटीसी देतं. तिथल्या स्ट्रक्टमध्ये महिना १ पासून आणि साल पूर्ण असतं. लिनक्सच्या सवयीने बेरीज करू नका.

## ७. किती वेळ लागला हे मोजताना

रिअलटाइम घड्याळ मधेच सरकू शकतं. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय, ते दुरुस्त करतं, माणूस हाताने बदलतो. त्या दोन वेळांची वजाबाकी उणेही येऊ शकते. म्हणून क्लॉक_मोनोटॉनिक वापरा. त्याचा आकडा तारीख सांगत नाही, पण मागे जात नाही. क्लॉक हे फंक्शन लिनक्सवर प्रोसेसरने खर्च केलेला वेळ देतं, त्यामुळे प्रोग्राम पाच सेकंद झोपला तरी उत्तर जवळपास शून्य येतं.

## ८. चाचणी

तुमच्या प्रोग्राममध्ये वेळ घेणारं आणि मजकूर बनवणारं फंक्शन वेगळं करा. मजकूर बनवणाऱ्याला मोजणी बाहेरून द्या. असं केलं की रात्री दोन वाजेपर्यंत जागायची गरज उरत नाही. टीझेड कोलकात्यावर ठेवून हे तीन आकडे द्या:

० दिल्यावर १९७०-०१-०१ ०५:३०:०० यायला हवं. ००:००:०० आलं तर टाइमझोन बसलेला नाही.

२१४७४८३६४७ दिल्यावर २०३८-०१-१९ ०८:४४:०७. मग त्यात एक मिळवून ०८:४४:०८ येतंय का पाहा. १९०१ आलं तर कुठे तरी ३२ बिटांचं व्हेरिएबल लपलेलं आहे.

१७४३४४७६०० दिल्यावर २०२५-०४-०१ ००:३०:००. मग टीझेड यूटीसीवर ठेवून हाच आकडा पुन्हा द्या. २०२५-०३-३१ १९:००:०० यायला हवं. बिल, हजेरी किंवा व्याज यातलं काहीही करणारा प्रोग्राम असेल तर ही तिसरी चाचणी कोडसोबतच जपून ठेवा आणि नव्या सर्व्हरवर टाकताना सगळ्यांत आधी चालवा.